सावित्रीच्या उगमापासून मुखापर्यंत: मास्तरच्या स्मरणार्थ एक मोटारसायकल फेरी

निघण्यापूर्वी

आमचा मित्र मास्तर पुण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवत असे आणि मोटारसायकल हे त्याच्या दृष्टीने भूगोल शिकवण्याचेच एक साधन होते. घाटातल्या कातळात बेसॉल्टचे थर कसे दिसतात ते पाहणे, नदीपात्रातल्या रांजणखळग्यांची छायाचित्रे घेणे, पावसाळ्यानंतर दरडी कुठे कोसळल्या याची नोंद ठेवणे, यासाठी तो सुट्टीच्या दिवशी पहाटे बाहेर पडत असे आणि आमच्यापैकी ज्याला जमेल तो त्याच्याबरोबर जात असे. सावित्री नदी उगमापासून मुखापर्यंत मुलांना दाखवावी, ही त्याची शेवटची योजना होती. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणाऱ्या कृष्णा, कोयना आणि वेण्णा यांचे पाणी पूर्वेकडे वाहत जाऊन अखेर बंगालच्या उपसागराला मिळते, आणि त्याच पठारावरची सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्र गाठते. जलविभाजक म्हणजे काय हे मुलांना कळण्यासाठी याहून चांगली जागा नाही, असे तो आग्रहाने सांगत असे.

सहलीपूर्वी रस्ता पाहून यावा म्हणून तो एकटाच निघाला आणि आंबेनळी घाटातल्या एका वळणावर, समोरून येणाऱ्या वाहनाने आपली बाजू सोडल्यामुळे, त्याला धडक बसली. त्याने हेल्मेट घातलेले होते आणि वेगही बेताचा होता. डोक्याला फारसे लागले नव्हते. पण मांडीच्या जखमेतून रक्त वाहत राहिले. माणसे थांबली होती, हे मला मुद्दाम लिहावेसे वाटते. कुणी त्याला पाणी पाजायला धावले, कुणी सावलीत ओढून घेतले, पोलिसांचे लचांड मागे लागेल या भीतीने काही जण हळहळत पुढे निघून गेले, फोनला रेंज मिळेपर्यंत बराच वेळ गेला, आणि शेवटी एका जीपच्या बाकावर बसवून त्याला खाली नेण्यात आले. ती जखम कुणी तळहाताने घट्ट दाबून धरली असती तर त्याला वेळ मिळाला असता, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. त्या दिवशी थांबलेल्या माणसांविषयी आमच्या मनात राग नाही; त्यांना कुणी काही शिकवलेलेच नव्हते.

त्याच्या स्मरणार्थ काय करावे याची चर्चा बरेच दिवस चालली होती. शाळेत पारितोषिक ठेवण्याची सूचना आली, रक्तदान शिबिराची आली. शेवटी वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी आखलेला रस्ता तुम्ही पुरा करा. पण नुसते जाऊन येऊ नका, त्या रस्त्यावरच्या माणसांच्या हाती काहीतरी देऊन या." मास्तरच्या आईला, म्हणजे काकूंना, ही कल्पना मुळीच पटली नव्हती. ज्या वाहनावरून मुलगा गेला तीच वाहने घेऊन त्याच घाटात जायचे, हे त्यांना सहन होत नव्हते, आणि त्यांच्या म्हणण्याला आधार होता. २०२२ साली देशात रस्त्यावरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली आणि त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होती. काकूंना आम्ही एवढेच सांगितले की फेरीचे नियम आधी तुम्हाला वाचून दाखवू आणि तुम्ही नको म्हणालात तर निघणार नाही.

ते नियम लिहिताना फेरीचे स्वरूप आपोआप ठरत गेले. सात-सात गाड्यांचे गट करायचे, प्रत्येक गटाच्या पुढे रस्ता माहीत असलेला आणि शेवटी दुरुस्ती येणारा स्वार ठेवायचा. मोकळ्या रस्त्यावर तिरकस रांगेत आणि घाटात एकामागे एक चालायचे. पुढच्याने ओव्हरटेक केले म्हणून मागच्याने करायचे नाही; प्रत्येकाने समोरचा रस्ता स्वतः पाहून ठरवायचे. फाटा आला की पुढच्या स्वाराच्या मागचा माणूस तिथे थांबेल आणि गटातली शेवटची गाडी दिसल्याशिवाय हलणार नाही. अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचायचे. हेल्मेट आयएसआय चिन्हाचेच हवे, सायलेन्सर बदललेली गाडी चालणार नाही, आणि विमा, पीयूसी व परवाना आठवडाभर आधी तपासून घेतला जाईल. फेरीचा वेग ताफ्यातल्या सर्वांत लहान गाडीवरून ठरेल, हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मास्तरचे माजी विद्यार्थी शंभर सीसीच्या जुन्या गाड्या घेऊन येणार होते आणि बुलेटवाल्यांच्या मागे धावण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये अशी आमची इच्छा होती. काकूंनी सगळे नियम ऐकून घेतले आणि त्यात एक भर घातली: गाडीवर बसण्यापूर्वी प्रत्येकाने घरी फोन करायचा.

पैशांची व्यवस्था आम्ही पहिल्या बैठकीतच ठरवली. पेट्रोल, जेवण आणि मुक्काम ज्याचा त्याने करायचा. देणगीतला एक रुपयाही फेरीवर खर्च होणार नाही. देणग्या कुणाच्या वैयक्तिक खात्यात न घेता, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण देणाऱ्या एका नोंदणीकृत न्यासाच्या खात्यात थेट जमा व्हाव्यात आणि पावती न्यासानेच द्यावी, असे ठरले. मित्राच्या नावाने पैसे मागताना हिशेबाविषयी कुणाच्या मनात शंका येणे म्हणजे त्या नावाचाच अवमान आहे, म्हणून या बाबतीत आम्ही कुणाचीही सोय पाहिली नाही. त्या पैशांतून घाटातल्या आणि महामार्गालगतच्या हॉटेलांत, टपऱ्यांत, रिक्षाथांब्यांवर ठेवण्यासाठी प्रथमोपचाराच्या पेट्या आणि घडीची स्ट्रेचर घ्यायची आणि तिथल्या माणसांना प्रशिक्षण द्यायचे होते. वाटेतल्या पोलीस ठाण्यांना फेरीची तारीख, गाड्यांची यादी आणि थांब्यांची वेळ आधीच पत्राने कळवली.

पहिला दिवस: पुणे ते कुंभरोशी

जानेवारीतल्या थंडीत सकाळी सहाला शाळेच्या फाटकापाशी सगळे जमले. भाषण कुणी केले नाही. पुढच्या स्वाराने दिवसाचा रस्ता, पेट्रोलचे थांबे आणि हाताच्या खुणा पुन्हा एकदा समजावून सांगितल्या, गटांच्या याद्या वाचल्या, आणि ठरलेल्या वेळेला पहिला गट कात्रजच्या दिशेने निघाला. दोन गटांत काही मिनिटांचे अंतर ठेवल्यामुळे महामार्गावर आमचा ताफा कुणाच्या आड आला नाही. खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्यावर वाईकडे वळलो तेव्हा थंडीने बोटे आखडली होती, म्हणून वाईत चहासाठी नेमून दिलेल्या वेळेपेक्षा अधिक थांबलो. पसरणी घाट आणि पाचगणीवरून महाबळेश्वरला येईपर्यंत कुठेही खोळंबा झाला नाही.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम एकत्र मानले जातात. मास्तर मात्र विद्यार्थ्यांना मंदिरातून थेट आर्थर सीटकडे नेत असे, कारण सावित्रीने पश्चिमेचा कडा किती खोल कापला आहे हे तिथून एका नजरेत दिसते. त्याचे माजी विद्यार्थी आज आम्हाला ती दरी दाखवत होते आणि त्यांच्या बोलण्यात त्याचीच वाक्ये जशीच्या तशी येत होती. तिथे आम्ही फार वेळ काढला नाही, कारण दुपारी कुंभरोशीला पहिले प्रशिक्षण होते.

कुंभरोशी हे प्रतापगडाच्या पायथ्याचे, आंबेनळीच्या रस्त्यावरचे गाव. गडावर येणाऱ्या पर्यटकांमुळे इथे हॉटेले आहेत, जीप चालवणारे आहेत, आणि घाटात काही झाले की आधी त्यांनाच जावे लागते. फेरीबरोबर अपघात विभागात काम करणाऱ्या एक डॉक्टर आल्या होत्या. पहिल्या तासाभरातच त्या सर्वांच्या डॉक्टरताई झाल्या. त्यांनी व्याख्यान दिले नाही. एका तरुण स्वाराला जमिनीवर झोपवून त्याच्या मांडीला लाल रंगात भिजवलेला कपडा बांधला आणि समोरच्या जीपवाल्यांना विचारले, "आता काय कराल?" पहिली दोन उत्तरे पाणी पाजण्याची आणि उचलून गाडीत घालण्याची होती. मग त्यांनी एकेक गोष्ट हाताने करून दाखवली: स्वच्छ कपड्याची घडी जखमेवर ठेवून दोन्ही तळहातांनी सगळा भार देऊन दाबायचे, रक्त थांबले का हे पाहायला घडी उचलायची नाही, भिजली तर तिच्यावरच दुसरी ठेवायची. बेशुद्ध माणसाला काहीही पाजायचे नाही. श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल, तर मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, तिघाचौघांनी मिळून, कुशीवर वळवायचे. धोका नसेल तर जागेवरून हलवायचे नाही, आणि श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट ओढून काढायचे नाही. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहायचे. हे करताना दोन मिनिटांत माणूस दमतो, म्हणून दुसऱ्याने तयार राहायचे. दाब देण्याचा सराव प्रत्येकाने बाहुल्यावर केला, आणि तो पाहताना मला जाणवले की रोज जीपचे चाक बदलणाऱ्या या हातांत आवश्यक ते बळ आधीच होते.

एका हॉटेलमालकाने मनातला प्रश्न विचारला, "मी जखमी माणसाला दवाखान्यात नेले आणि पोलिसांनी मला दिवसभर बसवून ठेवले, तर माझे हॉटेल कोण चालवणार?" हा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे मास्तर ज्या रस्त्यावर पडला होता तिथेही अनेकांच्या मनात तोच होता. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेने कलम १३४-अ आले आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्या माणसावर, जखमीला इजा झाली किंवा तो दगावला तरी, त्यासाठी दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येत नाही. नाव आणि पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही, आणि साक्षीदार होणे न होणे त्याच्या इच्छेवर आहे. याच कायद्याने अपघातानंतरच्या पहिल्या तासाला 'गोल्डन अवर' म्हटले आहे. या तरतुदी मराठीत छापलेला एक फलक आम्ही पेटीबरोबर देत होतो. त्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला आणि आपल्या गल्ल्याच्या मागे, दर्शनी भिंतीवर लावून घेतला.

दुसरा दिवस: आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड

सकाळी धुके विरेपर्यंत निघायचे नाही असे ठरले होते. उताराच्या घाटात ब्रेकवर विसंबून न राहता गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, आणि आंधळ्या वळणावर हॉर्न देऊन डावी बाजू सोडायची नाही, हे पुन्हा एकदा सांगून पहिला गट सोडला.

या घाटाला २८ जुलै २०१८ विसरता येणार नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस त्या दिवशी इथे दरीत कोसळली आणि ३० जणांचा मृत्यू झाला; एकच प्रवासी वाचला. पावसाधुक्यात शेकडो फूट खोल दरीत दोराने उतरून मृतदेह वर आणण्याचे काम महाबळेश्वर, पोलादपूर, महाड परिसरातल्या गिर्यारोहकांनी आणि ग्रामस्थांनी केले होते. अशा कामाचा अनुभव असलेले काही जण आज आमच्याबरोबर उतरले. कुठल्या वळणावर वाहने बाजू सोडतात, पावसात कुठे माती येते, हे त्यांना तोंडपाठ होते.

मास्तर पडला होता त्या वळणावर आम्ही गाड्या थांबवल्या नाहीत. तिथे थांबायला जागा नाही, आणि त्याच्या आठवणीसाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे त्याला मुळीच आवडले नसते. पुढे रस्ता रुंद होतो तिथल्या एका टपरीवर थांबलो. वहिनी एका गटात मागच्या सीटवर बसून आल्या होत्या. पेटी टपरीवाल्या मावशींच्या हातात त्यांनीच दिली. मावशींनी त्यांना ओळखले नाही आणि वहिनींनीही ओळख सांगितली नाही. पेटीतली एकेक वस्तू, गॉझ, रुंद पट्ट्या, त्रिकोणी पट्टी, हातमोजे, कात्री, लाकडी खपच्या, टॉर्च, दोघींनी मिळून बाहेर काढली आणि पुन्हा त्याच क्रमाने आत ठेवली. मावशींचा एकच आग्रह होता, की किल्ली नको. कुलूप असलेली पेटी वेळेला उघडत नाही. त्यांचे म्हणणे इतके बरोबर होते की पुढच्या सगळ्या पेट्यांची कुलपे आम्ही त्याच दिवशी काढून टाकली.

घाट उतरताना मागच्या गटाने एक काम केले, जे मला या फेरीतले सर्वांत उपयोगी काम वाटते. दर थोड्या अंतरावर थांबून कुठल्या कंपनीच्या फोनला रेंज आहे आणि कुठे मुळीच नाही, याची नोंद किलोमीटरच्या दगडांनुसार केली. त्या नोंदीवरून घाटाचा एक साधा नकाशा तयार झाला: अपघात अमुक दगडाजवळ असेल तर १०८ला फोन करण्यासाठी वर जायचे की खाली, आणि किती. मास्तरवर बेतली तेव्हा मदतीला आलेला माणूस चुकीच्या दिशेने गेला होता. टपऱ्यांवर आणि जीपवाल्यांकडे लावण्यासाठी या नकाशाच्या प्रती पोलादपूरलाच छापून घेतल्या.

पोलादपूरच्या एसटी स्थानकाजवळ रिक्षावाल्यांचे प्रशिक्षण आटोपून संध्याकाळपूर्वी महाडला आलो. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीच्या पुरात मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल इथेच वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी बस आणि इतर वाहने गेली. पूल नाही हे लक्षात येताच जवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाने रस्त्यावर धाव घेऊन येणारी वाहने थांबवली होती. नवा पूल पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यापूर्वी उभा राहिला. त्या पुलावरून जाताना आमच्या कामाचा अर्थ मला फार स्पष्ट दिसला. रुग्णवाहिका, पोलीस, बचाव पथक या सर्वांच्या आधी रस्त्यावर कुणीतरी असते, आणि पहिल्या काही मिनिटांत जे घडायचे ते त्याच्याच हातून घडते.

महाडकरांना संकटे नवी नाहीत. २०२१च्या जुलैमध्ये शहरात पूर आला आणि तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, ती आठवण अजून ताजी आहे. त्यामुळे इथल्या प्रशिक्षणात प्रश्न अधिक नेमके होते: चिखलात गाडलेल्या माणसाला बाहेर काढल्यावर आधी काय पाहायचे, अंधारात जखम कशी शोधायची, जखमी अनेक आणि हात कमी असतील तर आधी कुणाकडे जायचे. डॉक्टरताई रात्री नऊपर्यंत उत्तरे देत होत्या. ठरलेले वेळापत्रक पुढे सरकले, आणि ते सरकू देणे योग्यच होते.

तिसरा दिवस: महाड ते श्रीवर्धन

सकाळी चवदार तळ्याला जाऊन आलो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे हजारो माणसांसह पाणी प्राशन केले, ते ठिकाण मास्तरने सहलीच्या आराखड्यात लाल शाईने लिहून ठेवले होते. पाण्याचा भूगोल शिकवताना पाण्याचा हक्क सोडून चालणार नाही, असे त्याचे मत होते.

मंडणगडकडे जाणारा रस्ता डोंगरातून, आंबा-काजूच्या बागांमधून जातो. एका गाडीची चेन तुटली, तेव्हा गटाच्या शेवटी दुरुस्ती येणारा माणूस ठेवण्याचा नियम कामी आला. तो गट मागे राहिला आणि बाकीचे गट पुढच्या थांब्यावर वाट पाहत बसले. कुणी कुरकुर केली नाही. दुपारी वेसवीला पोहोचलो. इथून फेरीबोटीने खाडी ओलांडून पलीकडे बागमांडल्याला जाता येते, आणि ही खाडी म्हणजे आमचीच सावित्री. परवा जिचा उगम पाहिला ती नदी इथे इतकी रुंद झाली आहे की पलीकडच्या काठावरची माणसे ओळखू येत नाहीत. बोटीवर गाड्या साइड स्टँडवर, गिअरमध्ये उभ्या केल्या आणि प्रत्येक जण आपल्या गाडीजवळ उभा राहिला. मास्तरच्या माजी विद्यार्थ्यांपैकी एक मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे. बोट चालू असताना तिने त्याची वही उघडून मुखाजवळच्या थांब्यासाठी त्याने लिहून ठेवलेले प्रश्न वाचले: भरतीचे पाणी खाडीत किती आत जाते, काठावरची झाडे खारे पाणी कशी सहन करतात, उगमाजवळचा दगड आणि इथली वाळू यांचे नाते काय. उत्तरांवर बोटीत चांगलाच वाद झाला आणि तो हरिहरेश्वरपर्यंत मिटला नाही.

श्रीवर्धनला मुक्काम नारळ-सुपारीच्या एका वाडीत होता. २०२०च्या जूनमधल्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या वाड्यांची फार हानी झाली, आणि नव्याने लावलेली सुपारी अजून पुरती उभी राहिलेली नाही, असे घरमालक काका सांगत होते. वादळानंतर कित्येक दिवस वीज आणि फोन नव्हते, त्या काळात पडलेल्या झाडांखालून माणसे काढण्याचे काम शेजाऱ्यांनीच केले होते. म्हणून पेटी घेताना त्यांनी ती एका घरात न ठेवता आळीच्या मध्यावरच्या देवळात ठेवण्याचे सुचवले.

चौथा दिवस: श्रीवर्धन ते पुणे

म्हसळा, माणगाव आणि ताम्हिणी घाटामार्गे परत आलो. ताम्हिणीत सुट्टीची गर्दी होती, म्हणून गटांमधले अंतर वाढवले आणि धबधब्यांच्या जागी थांबण्याचा मोह सर्वांनी टाळला. मुळशीच्या पुढे रहदारी दाट झाली तेव्हा गट मोडून प्रत्येकाला आपापल्या गतीने घरी जाण्याची मुभा दिली. थकलेल्या स्वाराने रांग राखण्याच्या नादात शहराच्या गर्दीत घुसणे धोक्याचे असते. रात्री आठपर्यंत सर्व जण घरी पोहोचल्याचे फोन काकूंना गेले. त्यांनी हातातल्या यादीवर एकेका नावापुढे खूण केली होती.

दुसऱ्या आठवड्यात न्यासाने जमाखर्च लेखी दिला आणि तो देणगीदारांना जसाच्या तसा पाठवण्यात आला. शिल्लक रक्कम पेट्यांतले सामान बदलण्यासाठी राखून ठेवली आहे, कारण गॉझ आणि हातमोजे उन्हात, दमट हवेत फार दिवस टिकत नाहीत, आणि एकदा देऊन विसरलेली पेटी नसल्यासारखीच असते. प्रत्येक पेटीची जबाबदारी फेरीतल्या एका स्वाराने घेतली असून त्याने त्या टपरीवर किंवा थांब्यावर महिन्यातून एकदा फोन करायचा आहे. कुंभरोशी आणि पोलादपूरची उजळणी मे महिन्याच्या शेवटी, पाऊस सुरू होण्यापूर्वी व्हायची आहे, आणि त्या वेळी डॉक्टरताईंबरोबर कुंभरोशीतले दोन जीपचालकही शिकवतील, असे त्यांनी स्वतःहून कळवले आहे. शाळेची सावित्रीची सहल दिवाळीनंतर आहे; मुले एसटीने जातील.